राजाबाई टॉवर आणि आपला कापूस

आज कापूस घेऊन जिनिंगवर, म्हणजे सरकी काढायच्या कारखान्यावर, लाइनीत उभे होतो, पुतण्या मोबाईलवर एमपीएससीचे प्रश्न मोठ्यानं वाचत होता. मुंबई विद्यापीठातल्या राजाबाई टॉवरसाठी, त्या घड्याळाच्या मनोऱ्यासाठी, पैसे कोणी दिले? प्रेमचंद रायचंद, मुंबईतले कापसाचे व्यापारी. बाजूच्या गाडीवरचे काका पटकन म्हणाले, "कापसाचे? मंग त्यात आपल्या वऱ्हाडचाही असन नं बाप्पा."

हे वाक्य काही डोक्यातून जाईना.

अमेरिकेत १८६१ ते १८६५ यादवी चालली, तिकडचा कापूस बंद झाला, इंग्लंडच्या गिरण्यांना आपला कापूस लागला आणि मुंबईत पैशाचा पूर आला. त्याच काळात, १८६४ मध्ये, या माणसानं मुंबई विद्यापीठाला लायब्ररीसाठी दोन लाख दिले, वर टॉवरसाठी आणखी दोन लाख, आणि टॉवरला नाव दिलं आईचं, स्वतःचं नाही. पुढच्याच वर्षी युद्ध संपलं, भाव कोसळले, तेही बुडाले. पण दिलेलं दान टिकलं, १८७८ मध्ये टॉवर पूर्ण झाला, खाली लायब्ररी. कलकत्ता विद्यापीठालाही त्यांनी पैसे दिले होते, त्यांच्या नावाची स्कॉलरशिप तिथं अजून आहे.

मला या माणसाबद्दल खरंच आदर वाटतो. सट्टेबाज होते म्हणतात, असतील, पण हातात पैसा होता तेव्हा पोरांच्या पुस्तकांचा विचार केला.

आपल्या कापसावर आजही लोक मोठे होतातच की. आणि आपली पोरं अभ्यासिकेसाठी अमरावतीला रूम करून राहतात, तालुक्यात एक धड वाचनालय नाही. कोणी पुढं येईल का?