वीणा हातात आली तेव्हा

पंढरीची वाट आता गुडघ्यांना झेपत नाही, म्हणून यंदा आषाढी एकादशीला गोव्यातल्या अस्नोड्याहून साखळीजवळच्या विठ्ठलापूरला दिंडीबरोबर चालत गेलो. आमचा विणेकरी म्हणजे माझ्या बागेतले नारळ काढणारा पाडेली. एरवी तो खळ्यात उभ्यानेच पैसे घेतो. त्याला कधी ‘बस’ म्हटल्याचं मला तरी आठवत नाही.

मी तीन वर्षं गावच्या देवस्थानचा अध्यक्ष होतो. गोव्यातल्या देवळांचा कारभार १९३३च्या पोर्तुगीज अमलातल्या कायद्यानुसार चालतो. महाजन, म्हणजे देवळाचा हक्काचा सभासद, व्हायला ठरलेल्या घराण्यात जन्मावं लागतं, अध्यक्ष व्हायला मतं लागतात. मला दोन्ही लाभलं. पालखीचा पहिला मान कुणाचा, यावरून सख्ख्या चुलत्याशी मी अबोला धरला होता. मुदत संपली आणि आठवड्याभरात फोन गप्प झाला. देवळाचं दार कुणासाठी उघडायचं, हे माझ्यासारखेच ठरवत आले. पंढरपुरात ते सर्वांना खुलं व्हावं म्हणून १९४७च्या मे महिन्यात साने गुरुजींना उपोषणाला बसावं लागलं. त्यांच्याकडे कुठली खुर्ची होती?

कारापूर तिस्कावर, म्हणजे तिठ्यावर, मागून एक गाडीवाला हॉर्न बडवू लागला. मी सवयीने पुढे झालो, आवाज चढवला. पोरगं हसलं, कारण मी कोण हे त्याला कुठे ठाऊक! विणेकऱ्याने मात्र अभंग न मोडता दिंडी कडेला घेतली आणि गाडी गेल्यावर पुन्हा रस्त्यावर आणली. मी वाळवंटी नदी दिसेपर्यंत धुमसत होतो, त्याचा सूरही हलला नव्हता.

पुढे त्याला धोतर सावरायचं होतं. वीणा जमिनीला टेकवत नाहीत. देणारा-घेणारा एकमेकांच्या पाया पडतात आणि ती हातोहात जाते. जवळ मीच होतो. तो ‘माऊली’ म्हणत वाकला. आता माझी पाळी. त्याच्या चिखलाने भरलेल्या पावलांवर माडाच्या बुंध्याने घासून झालेले काळे घट्टे होते. वाकायला मला जरा वेळच लागला, आणि दोष गुडघ्यांचा नव्हता. वीणा गळ्यात आली तर लोक माझ्याही पाया पडू लागले. तीन वर्षांत मला कुणी असा नमस्कार केला नव्हता, आणि हाही माझा नव्हताच.

परतीच्या बसमध्ये तो मागे उभा होता. उतरताना म्हणाला, “भाटकारा, परवां येतां.” भाटकार म्हणजे बागेचा मालक.

“ये,” म्हटलं. ‘आणि बस’ हे ओठांवर होतं, तोवर बस सुटली.