आमची वाटचाल: थंड इंजिनलाच पाना

वाडीतल्या शेडमध्ये गॅरेज सुरू झालं तेव्हा गाड्या कार्ब्युरेटरच्या होत्या. इनटेक मॅनिफोल्ड, म्हणजे सिलिंडरकडे हवा नेणारा नळ्यांचा जोड, उतरवायचा तर मोजके नट आणि दोन केबल. आता तिथे थ्रॉटल बॉडी, इंजेक्टरची रेल, मॅनिफोल्डमधला दाब मोजणारा मॅप सेन्सर, व्हॅक्यूमच्या नळ्या. पुष्कळ गाड्यांत तर मॅनिफोल्डच प्लास्टिकचा. नागपूरचा मे महिना मात्र बदलला नाही. पारा ४५च्या वर, एसी चालू आणि रेडिएटरमध्ये कूलंटऐवजी बोअरचं जड पाणी. हेड गॅस्केट, म्हणजे इंजिनचा ब्लॉक आणि त्यावरचं हेड यांच्यामधलं सील, उडतं ते यातूनच. ते बदलायला हेड उतरवावं लागतं.

ग्राहकाला कितीही घाई असो, इंजिन थंड होण्यासाठी गाडी रात्रभर उभी राहते. गरम अॅल्युमिनियम हेडचे बोल्ट सोडले की हेड वाकतं. फ्युएल पंपाचा फ्यूज काढून, इंजिन आपोआप बंद पडू देऊन रेलमधलं प्रेशर आदल्या संध्याकाळीच उतरवतो. सकाळी बॅटरीची निगेटिव्ह काढायची, कूलंट सोडायचं आणि प्रत्येक नळीला चिकटपट्टी लावून नंबर द्यायचा. मॅनिफोल्ड हलत नसेल तर ओढायचा नाही. खालून आधाराची पट्टी किंवा एखादा लपलेला बोल्ट राहिलेला असतो. ओढाताणीत मॅनिफोल्डचा बोल्टचा कान तुटतो. निघाला की पोर्टमध्ये लगेच स्वच्छ फडकं, नाहीतर वॉशर आत पडतो.

एक नंबरचा पिस्टन वर आणून टायमिंगच्या खुणा जुळवायच्या, मगच टायमिंग बेल्ट काढायचा. त्यानंतर क्रँक फिरवायचा नाही, कारण बऱ्याच इंजिनांत व्हॉल्व्ह पिस्टनवर आपटतात. चार सिलिंडरच्या हेडला बहुधा १० बोल्ट. ते टोकांकडून मध्याकडे, आलटूनपालटून, दोन-तीन फेऱ्यांत सैल करतो. चिकटलेल्या हेडखाली स्क्रूड्रायव्हर घालणं आम्हाला अजिबात मान्य नाही. फेसवर, म्हणजे गॅस्केट टेकतं त्या सपाट बाजूवर, एक ओरखडा पडला तरी नवं गॅस्केट गळतं. लाकडाचा ठोकळा लावून हळू ठोकलं की हेड सुटतं. ते टेबलावर पालथं टेकवायचं नाही, दोन ठोकळ्यांवर ठेवायचं. उघडे व्हॉल्व्ह टेबलावर टेकून वाकतात.

हेड वाकलंय का ते सरळपट्टी लांबीत, रुंदीत आणि दोन्ही कर्णांवर ठेवून फीलर गेजने, म्हणजे फट मोजायच्या पातळ पात्यांनी, तपासतो. बऱ्याच छोट्या पेट्रोल इंजिनांना मर्यादा ०.०५ मिमीच्या आसपास असते. नेमका आकडा त्या इंजिनच्या मॅन्युअलमधून घ्यायचा. फेसिंग, म्हणजे फेस घासून सपाट करणं, लागेल तेवढंच. जास्त घासलं तर कॉम्प्रेशन वाढतं आणि व्हॉल्व्ह पिस्टनच्या जवळ येतात.

ब्लॉकमधली बोल्टची भोकं हवेने कोरडी करण्यात कसूर नको. आत कूलंट राहिलं तर बोल्ट त्यावरच दाबला जातो, टॉर्क खोटा दाखवतो आणि ब्लॉकला तडा जाऊ शकतो. कोनाने, म्हणजे शेवटी ठरलेल्या अंशांत फिरवून, आवळायचे बोल्ट एकदा वापरले की ताणलेले असतात, म्हणून ते नवेच. आवळणं मात्र उलट क्रमाने, मध्यापासून बाहेर.

हेड बसवण्याआधी थर्मोस्टॅट, वॉटर पंप आणि रेडिएटरचा फॅन तपासतो. दोष तिथेच राहिला तर नवं गॅस्केटही उडतं, म्हणून ग्राहकाने त्या दुरुस्तीला नकार दिल्यास आम्ही हेडचं काम घेत नाही.