नौदल असताना तुम्ही काय करता?

"समुद्रात नौदल आहे, तटरक्षक दल आहे, सागरी पोलीस आहेत, मग तुम्ही सागर रक्षक दलवाले नेमकं काय करता?" जेटीवर फिरायला आलेले पुण्या-मुंबईचे पाहुणे हे विचारतात, सासुरवाडीची माणसं विचारतात. परवा मुंबईत कॉलेजात शिकणाऱ्या भाचीने विचारलं, "मामा, तुमच्याकडे साधी दुर्बीणही नाही, मग तुम्ही सीमा कशी राखता?" पाठोपाठ पगाराचं विचारतातच. पगार नाही. आम्ही पोलिसांना खबर देणारे गावचे स्वयंसेवक. आमच्याकडे ओळखपत्र आहे आणि वेळेला उचलला जाणारा फोन. तुम्ही विचारलंत म्हणून जरा सविस्तर सांगतो.

मी दापोली तालुक्यातल्या किनाऱ्यावर राहतो आणि बोटींची मशीनं दुरुस्त करतो. माझी रोजची ऊठबस तांडेल (बोट चालवणारा प्रमुख) आणि खलाशांत. दलात माझ्यासारखेच सगळे आहेत: कोणी जाळी विणतो, कोणी बर्फाची गाडी चालवतो, एक शाळेतला शिपाई आहे, दोघींचा सुक्या मासळीचा धंदा आहे.

कागदावरची रचना सोपी आहे. किनाऱ्यापासून बारा सागरी मैलांपर्यंत, म्हणजे साधारण बावीस किलोमीटर, सागरी पोलीस; त्यापुढे दोनशे मैलांपर्यंत तटरक्षक दल; आणि एकूण सागरी सुरक्षेची जबाबदारी नौदलाकडे. २६ नोव्हेंबर २००८ च्या मुंबईवरच्या हल्ल्यानंतर हे सगळं नव्याने बांधलं गेलं. दीपगृहांवर रडार बसली, खलाशांना बायोमेट्रिक ओळखपत्रं मिळाली. वीस मीटरपेक्षा लांब मासेमारी बोटींना आपली जागा कळवत राहणारं एआयएस यंत्र सक्तीचं झालं. पण आमच्या बहुतेक बोटी वीस मीटरच्या आतल्या. लहान बोटींवर इस्रोने तयार केलेले ट्रान्सपाँडर, म्हणजे बोटीची जागा कळवणारी यंत्रं, बसवायला अलीकडे सुरुवात झाली आहे, तीही टप्प्याटप्प्याने. मासळीच्या दिवसांत एका रात्री समुद्रात शेकडो लाकडी आणि फायबरच्या बोटी असतात. रडारवर त्यातली प्रत्येक म्हणजे एक ठिपका. तो ठिपका कोणाचा, आज इथे का आला, रोज येतो का, हे रडार सांगत नाही. बंदरावरचा माणूस सांगतो.

आणि ज्यांना यायचं असतं ते ठिपक्यांतला एक ठिपका होऊनच येतात. २००८ मध्ये दहा अतिरेकी कराचीहून निघाले आणि वाटेत त्यांनी पोरबंदरची 'कुबेर' ही आपलीच मासेमारी बोट ताब्यात घेतली. तिच्यावरच्या खलाशांचा जीव घेतला, तांडेलाला मुंबईपर्यंत बोट आणायला लावली आणि मग त्यालाही मारलं. त्या बोटीकडे लांबून पाहणाऱ्याला ती गुजरातची मासेमारी बोट वाटली असती, आणि ती होतीच. पुढे रबरी होडीतून ते कुलाब्याच्या मच्छीमार वस्तीपाशी उतरले. तिथल्या लोकांनी त्यांना हटकलं, कोण तुम्ही म्हणून विचारलं. उतरणाऱ्यांनी उडवून लावलं. त्या हल्ल्यात १६६ माणसं गेली. सगळ्या यंत्रणा ओलांडून आलेल्यांना पहिला प्रश्न विचारला तो वस्तीतल्या साध्या माणसांनी, हे मी कधी विसरत नाही.

त्याआधीची गोष्ट तर आमच्या उंबऱ्यावरची. बाणकोटची खाडी ओलांडली की रायगड जिल्हा लागतो. तिथे श्रीवर्धनच्या बाजूला दिघी आणि शेखाडीला १९९३ च्या जानेवारी-फेब्रुवारीत हत्यारं आणि आरडीएक्स उतरवलं गेलं. १२ मार्चला मुंबईत साखळी स्फोट झाले, २५७ माणसं मेली. माल उतरवायला हात लागतात, वाहून न्यायला गाड्या लागतात, वाट मोकळी ठेवायला कोणीतरी लागतं. काही पोलीस आणि कस्टमचे कर्मचारीही त्यात सामील होते, टाडा या दहशतवादविरोधी कायद्याखालच्या न्यायालयाने त्यांना दोषी ठरवलं. किनाऱ्यावरच्या लोकांना तस्करी नवी नव्हती. पूर्वी सोनं यायचं, चांदी यायची, घड्याळं यायची, आणि रात्री गाडी आली तर आपण कूस बदलून झोपायचं अशी एक सवयच लागून गेली होती. त्या सवयीने काय केलं ते १२ मार्चला कळलं. मी तेव्हा तरुण होतो. आमच्या आळीतला एकजण मुंबईत नोकरीला होता. दोन दिवस त्याचा काही पत्ता लागत नव्हता, आणि त्याची आई कोणाच्याही घरातला फोन वाजला की धावत जायची. तो सुखरूप होता. पण मी दलात का आहे असं कोणी विचारलं तर मला ती म्हातारी आठवते.

आता आम्ही काय करतो ते.

बोटीचं मशीन मला आवाजावरून कळतं. यात कौतुक काही नाही, जन्मभर तेच ऐकलं आहे. दोन सिलिंडरची होडी ठकठक करत जाते, सहा सिलिंडरची बोट लांबून घुमते. पंख्यात जाळं अडकलं असेल तर आवाज दबतो, शाफ्ट वाकला असेल तर लाकडातून थरथर येते. एकदा दिवाळीनंतर, वारा पडलेला असताना, रात्री खाडीच्या तोंडाशी एक मशीन ऐकू आलं. लोड घेतला की चिरकायचं, मग बंद पडायचं, पुन्हा सुरू व्हायचं. दिवा एकही नव्हता. आमच्या खाडीच्या तोंडाशी वाळूची पट्टी आहे. ओहोटीला गावची कुठलीही बोट आत शिरत नाही, बाहेर नांगर टाकून भरतीची वाट बघते. आणि ही बोट ओहोटीलाच आत यायला बघत होती. म्हणजे तांडेल इथला नव्हता.

मी सागरी पोलीस ठाण्याला फोन लावला आणि दलातल्या दोघांना उठवलं. आम्ही जेटीवर उभे राहिलो, बोटीकडे गेलो नाही. पोलीस आले, गावच्या एका होडीतून तिच्यापर्यंत गेले. नंबर आयएनडी-जीजे, म्हणजे गुजरातची बोट. गिअरबॉक्सचं ऑइल सील गेलेलं, बॅटऱ्या उतरलेल्या, प्यायचं पाणी संपलेलं. खलाशांची ओळखपत्रं तपासली, मालकाशी बोलणं झालं, नोंदणीचा नंबर मत्स्यव्यवसाय खात्याकडून पडताळला. खलाशांना शेजारच्या घरातून भात आणि आमटी आली. सकाळी मीच गिअरबॉक्स खोलला.

भाची म्हणाली, "म्हणजे काहीच नव्हतं!" बरंच काही होतं. अडकलेल्या सात माणसांना रात्रीत मदत मिळाली, आणि ती बोट कोणाची हे पोलिसांना उजाडायच्या आत कळलं. समुद्रावर पाळत आणि मदत या दोन गोष्टी मला कधी वेगळ्या करता आल्या नाहीत. अनोळखी बोट एक तर अडचणीत असते किंवा अडचण घेऊन आलेली असते, आणि दोन्ही वेळा फोन करायचा असतो.

आमच्यापेक्षा जास्त दिसतं ते बायकांना. पहाटे ओहोटीला तिसऱ्या (शिंपल्या) आणि कालवं काढायला त्या खडकांवर जातात, वाळूत मासळी पसरायला सगळ्यांच्या आधी येतात. कालचा ओंडका आज कुठे सरकला हेसुद्धा त्यांना माहीत असतं. २०२३ च्या ऑगस्टमध्ये आमच्या तालुक्यात कर्दे, लाडघर, केळशी अशा किनाऱ्यांवर चरसची पाकिटं वाहून यायला लागली. पावसाळ्यात समुद्र काय काय आणून टाकतो: डांबराचे गोळे, तुटके बोये, चपला. त्यात ही प्लास्टिकमध्ये आवळून बांधलेली पाकिटं. एक सापडलं की पुढच्या भरतीला आणखी. कस्टम आणि पोलीस किनारे पालथे घालत होते. आमचं काम घरोघर जाऊन सांगायचं होतं: हात लावू नका, घरी आणू नका, जागा लक्षात ठेवा आणि कळवा. हे सांगणं वाटतं तितकं सोपं नव्हतं. त्या दिवसांत बऱ्याच बोटी बंद असतात, हातात पैसा नसतो, आणि कोणीतरी कुजबुजतं की याला लाखो रुपये मिळतात. एखादा पोरगा मोहाला बळी पडला तर त्याचं आयुष्य अमली पदार्थांच्या कायद्यात अडकतं, ज्याने माल समुद्रात सोडला तो मात्र कुठल्या कुठे असतो. ओळखीच्या माणसाने, चहा घेत, त्याच्या आईसमोर सांगितलेलं पोराला पटतं. गुन्हा होण्याआधीच थांबवायचा म्हणजे माझ्या लेखी हेच.

व्हेल माशाच्या उलटीचंही तसंच. अंबरग्रिस म्हणतात ते. किनाऱ्यावर सापडलं तर वन खात्याला कळवायचं, कारण स्पर्म व्हेल संरक्षित प्राणी आहे आणि त्याचा व्यापार हा वन्यजीव कायद्याखाली गुन्हा आहे. हे ठाऊक नसलेल्या गरीब माणसाला दलाल बरोबर गाठतात.

१८ ऑगस्ट २०२२ ला हरिहरेश्वरला 'लेडी हान' नावाची रिकामी बोट लागली आणि तिच्यात तीन एके-४७ रायफली सापडल्या, तेव्हा सगळ्या महाराष्ट्राची झोप उडाली. दुसऱ्या दिवशी दहीहंडी होती. नंतर उलगडा झाला: ओमानच्या बाजूला जूनमध्ये तिचं इंजिन बंद पडलं होतं, माणसांना कोरियाच्या युद्धनौकेने वाचवलं, आणि बोट वाऱ्या-प्रवाहाबरोबर अरबी समुद्र ओलांडून आली. अशा वेळी गावात अफवा माणसांपेक्षा जोरात पळतात. त्या रात्री आमच्या ग्रुपवर आम्ही एकच नियम पाळला, स्वतः पाहिलं असेल तेवढंच लिहायचं. मला तो नियम दुर्बिणीपेक्षा मोलाचा वाटतो.

नौदल आणि तटरक्षक दल सराव घेतात तेव्हा आम्हीही उतरतो. 'सागर कवच'मध्ये एक तुकडी शत्रू होऊन खोटे बॉम्ब घेऊन किनाऱ्यावर उतरायचा प्रयत्न करते आणि बाकीच्यांनी तिला अडवायचं. नाक्यावर गाड्या तपासतात, जेटीवर पहारा बसतो, खलाशांना कागद दाखवावे लागतात. दमवणारं काम आहे, आणि व्हायलाच हवं.

आता एक गोष्ट जरा कडक शब्दांत सांगतो. सागर रक्षक दलाचं कार्ड गळ्यात आलं की काहींना आपण फौजदार झालो असं वाटतं. वाळूत बसलेल्या जोडप्याला दटावायचं, पर्यटकाला नाव-गाव विचारून त्याच्या धर्माचा अंदाज बांधायचा, फेरीवाल्याची पिशवी उलटी करायची. हे आमचं काम नाही आणि मी असलो तर होऊही देत नाही. झडती आणि चौकशी पोलिसांनी करायची. शिवाय ज्या वस्तीला आपण संशयित म्हणून वागवतो ती वस्ती आपल्याला काही सांगत नाही. आमच्या बंदरात हिंदू कोळी आहेत, भंडारी आहेत, मुसलमान दालदी आहेत. समुद्रात अडकलेली बोट ओढून आणताना कोणी कोणाचं नाव विचारत नाही. मला मिळालेल्या सगळ्यात उपयोगी खबरा या मिश्र बंदराने दिलेल्या आहेत.

नेपाळी खलाशांचंही लोक विचारतात. "एवढे परदेशी बोटींवर, मग धोका नाही का?" गेल्या काही वर्षांत रत्नागिरी जिल्ह्यातल्या कितीतरी बोटी नेपाळी पोरांवर चालतात, कारण आमची पोरं मुंबईला गेली. १९५० च्या भारत-नेपाळ करारामुळे त्यांना इथे येऊन काम करायला मोकळीक आहे. हंगाम सुरू झाला की मालकांच्या मागे लागून मी प्रत्येक खलाशाच्या नेपाळी नागरिकतेच्या कागदाची प्रत पोलीस ठाण्यात आणि मत्स्यव्यवसाय खात्याकडे पोचवायला लावतो. काही मालक टाळतात. पोरगा महिनाभरात पळून जाईल, कशाला कागद, म्हणतात. मी सांगतो, ही नोंद त्या पोराच्याही हिताची आहे. बोट बुडाली, पोरगा वाहून गेला, तर कोण होता हे तरी त्याच्या घरी कळायला हवं. मागे एका खलाशाने त्याचा कागद प्लास्टिकच्या तीन पिशव्यांत गुंडाळून शर्टाच्या आत शिवलेला मी पाहिला. घडी उलगडून दाखवताना त्याचे हात थरथरत होते, कागद फाटेल म्हणून. त्याची मी लॅमिनेट केलेली प्रत करून दिली.

या कामात अडतं कुठे? खबर दिल्यावर कोणी आलंच नाही तर माणूस दुसऱ्यांदा फोन करत नाही. आलं आणि खबर देणाऱ्यालाच चार तास बसवून ठेवलं, तर त्याचा शेजारीही करत नाही. गस्तीच्या बोटी दुरुस्तीला पडून राहतात, हे मेकॅनिक म्हणून माझ्या पोटात दुखतं. डिझेल आणि सुटे भाग वेळेवर मिळायला हवेत. दलातल्या लोकांना वर्षातून एखादं नीट प्रशिक्षण हवं: नंबर कसा वाचायचा, काय लिहून ठेवायचं, पाकिटाला का शिवायचं नाही.

आणि तुम्हीही हे करू शकता. किनाऱ्यावर सुट्टीला आलात आणि बिनमाणसांची बोट, बांधलेलं पाकीट, बोटीवरून रात्री घाईने उतरवला जाणारा माल असं काही दिसलं तर जवळ जाऊ नका, फोटोच्या नादी लागू नका. सागरी पोलिसांचा नंबर १०९३, तटरक्षक दलाचा १५५४, आणि काहीच आठवलं नाही तर ११२. जागा सांगताना जवळचं देऊळ, दीपगृह किंवा हॉटेल सांगा, भरती होती की ओहोटी तेही सांगा. मग जेटीवर कोणालाही विचारा, दलातला माणूस कोण म्हणून. तुम्हाला माझ्याकडे नाहीतर सुकी मासळीवाल्या काकूंकडे आणून सोडतील.