कंपनीचा पहिला कार्बन हिशेब

मी पुण्यातल्या एका सॉफ्टवेअर कंपनीत ॲडमिनला आहे. एप्रिल 2024 मध्ये एका परदेशी ग्राहकाची प्रश्नावली आली. तुमचं कार्बन उत्सर्जन किती, आणि ते कमी करण्याचं उद्दिष्ट काय? शेअर बाजारावर देखरेख करणाऱ्या सेबीने 2022-23 पासून बीआरएसआर, म्हणजे पर्यावरण आणि सामाजिक जबाबदारीचा अहवाल, बंधनकारक केला तो बाजारमूल्याने पहिल्या 1000 लिस्टेड कंपन्यांना. आम्ही त्यात नाही, त्यामुळे असा हिशेब कुणी कधी ठेवलाच नव्हता. ते काम माझ्याकडे आलं.

विजेचं अर्ध्या दिवसात झालं. महावितरणची बारा बिलं काढली, युनिटची बेरीज केली आणि केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या आकड्याने गुणलं. आपल्या ग्रिडवर युनिटमागे साधारण 0.7 किलो कार्बन डायऑक्साइड पडतो.

जनरेटरने मात्र आठवडा घेतला. रजिस्टरची पानं डिझेलने चिकटलेली, आणि नोंद फक्त आणलेल्या डिझेलची. जळालं किती ते कुठेच नाही. ऑपरेटर काका म्हणाले, "मॅडम, टाकी भरली की मी लिहितो. जळतं किती ते तासांवरून काढावं लागेल." मग त्यांनीच शेजारी बसून महिन्यामागून महिना तास जुळवून दिले. त्यांच्याशिवाय तो आकडा निघालाच नसता.

खरा धक्का एसीच्या बिलांनी दिला. त्यांवर नुसतं 'गॅस टॉप-अप' लिहिलेलं, वजन नाही. मेकॅनिककडून कळलं, वर्षभरात 6 किलो आर-410ए भरला होता. हा गॅस कार्बन डायऑक्साइडच्या 2088 पट तापवतो, म्हणजे साडेबारा टन झाले. डिझेलच्या लिटरमागे 2.68 किलो कार्बन डायऑक्साइड धरला तर साडेचार हजार लिटरहून जास्त डिझेल जाळल्यासारखं! आणि आधीचा गॅस गळून गेला म्हणूनच नवा भरावा लागला होता. त्या दिवशी मला रात्री झोप लागली नाही.

लॅपटॉप, क्लाउड, विमानप्रवास, लोकांचं येणं-जाणं हे सगळं आमच्या मीटरबाहेरचं. तिथे अंदाजच करावे लागले, आणि तसं स्पष्ट लिहिलं.

खरा वाद झाला तो आधारवर्षावरून, म्हणजे घट कोणत्या वर्षाच्या तुलनेत मोजायची यावरून. वरिष्ठांना 2019-20 हवं होतं. तेव्हा ऑफिस भरलेलं असायचं, आता निम्मे लोक घरून काम करतात, म्हणजे कागदावर घट आयतीच दिसणार. पण घरी पंखे, एसी, लॅपटॉप चालतातच की! मी मायक्रोसॉफ्टचं उदाहरण दिलं. जानेवारी 2020 मध्ये त्यांनी 2030 पर्यंत कार्बन निगेटिव्ह होण्याचं, म्हणजे सोडतो त्याहून जास्त कार्बन हवेतून काढून घेण्याचं जाहीर केलं, आणि 2020 च्या तुलनेत 2023 मध्ये उत्सर्जन 29 टक्क्यांनी वाढल्याचं त्यांनी स्वतःच छापलं. गूगलनेही 2019 पासूनची 48 टक्के वाढ स्वतःच्याच अहवालात मांडली. डेटा सेंटरं वाढतायत, म्हणून आकडे वाढतायत, आणि ते सगळ्यांना दिसतात. आपण तर अजून सुरुवातच करतोय, मग पहिलाच आकडा फसवा कशाला?

दोन बैठका झाल्या. शेवटी आधारवर्ष 2023-24 ठरलं, कारण खरी बिलं त्याच वर्षाची हातात होती. लॅपटॉप तीनऐवजी चार वर्षं वापरायचं ठरलं, कारण त्याच्या उत्सर्जनाचा मोठा वाटा तो कारखान्यात बनतानाच होऊन गेलेला असतो.

एसीच्या गळक्या जोडण्या मे महिन्यात बदलल्या. बिलावर आता गॅसचं वजन किलोत येतं. काकांच्या रजिस्टरला दोन रकाने वाढलेत, टाकीत पट्टी बुडवून मोजलेली डिझेलची सकाळची पातळी आणि संध्याकाळची पातळी.