कार्तिकातले ज्ञानेश्वरी पारायण

कार्तिक वद्य त्रयोदशीला ज्ञानेश्वर माउलींनी आळंदीत समाधी घेतली. शके 1218, म्हणजे 1296 साल. वय अवघे एकवीस. फोंड्याकडच्या आमच्या मंडळाचा सप्ताह दरवर्षी त्याच दिवशी पुरा होतो, म्हणून दिवस मागे मोजत सप्तमीला ग्रंथ उघडतो. मध्ये तिथीचा क्षय किंवा वृद्धी असेल तर आरंभ एक दिवस सरकतो. पाऊस सरलेला, कापणी उरकलेली. सकाळी देवळाच्या चौकात माणसे निवांत बसू शकतात, हे या दिवसांचे मोठे सुख.

पारायण फसते ते वाटणीत. अठरा अध्याय, सात दिवस, म्हणून रोज अडीच अध्याय असा हिशेब मांडला की शेवटी घसे बसतात. पाचव्या अध्यायात 180 ओव्या, अठराव्यात 1810! तेव्हा मोजायच्या त्या ओव्या. एकूण नऊ हजारांवर, म्हणजे रोज तेराशेच्या आसपास, चारेक तासांचे वाचन. आमची वाटणी अशी: पहिले दोन दिवस चार-चार अध्याय, तिसऱ्या दिवशी नऊ ते अकरा, कारण विश्वरूपदर्शन मध्येच तोडवत नाही, चौथ्या दिवशी बारा-तेरा. पाचव्या दिवशी एकादशीचा उपास, म्हणून चौदा आणि पंधरा एवढेच. सहाव्या दिवशी सोळा, सतरा आणि अठराव्यातल्या सहाशे ओव्या उरकल्या की त्रयोदशीला दम टिकतो.

प्रती सर्वांच्या एकच हव्यात. साखरे प्रत आणि राजवाडे प्रत या ज्ञानेश्वरीच्या दोन वेगळ्या संपादित आवृत्त्या शेजारी-शेजारी आल्या की पाठभेदामुळे सूर तुटतो.

तेराव्या अध्यायात मात्र घाई करूच नये. गीतेतल्या ‘अहिंसा’ या एका शब्दावर माउली शंभराहून अधिक ओव्या खर्च करतात. केसर चुरगळेल या शंकेने भुंगा कमळावर हळुवार पाय ठेवतो, तसा अहिंसक माणूस जमिनीवर पाऊल टाकतो, असे ते सांगतात. शाळेतली मुले या ओव्या ऐकायला मुद्दाम बसवावीत. उपदेशाच्या दहा भाषणांनी होणार नाही ते इथे होते.

संध्याकाळी हरिपाठ, मग भजन. पखवाजाच्या धुमेला, म्हणजे डाव्या, खर्जाच्या तोंडाला, कणीक लावायची ती मऊ आणि आयत्या वेळी. आधी लावून पंख्याखाली ठेवली की सुकून तडकते आणि आवाज फुटतो. भजन संपताच ती पुसून काढावी, नाहीतर कातडे खराब होते.

समाप्तीला पसायदान सगळ्यांना पाठ असते, आणि तिथेच ग्रंथ मिटला जातो. तसे करू नये. पुढे थोड्या ओव्या उरतात. शके 1212 मध्ये ही टीका झाली आणि सच्चिदानंदबाबांनी ती लिहून घेतली, हे शेवटच्या ओवीत आहे. ज्याच्या हातांनी ग्रंथ उतरला त्याचे नाव घेतल्याशिवाय पारायण पुरे कसे म्हणावे?

मग आरती आणि प्रसादाचे मणगणे, म्हणजे चणाडाळीची गोड खीर. किलोभर चणाडाळीला किलोभर गूळ, पाच नारळ, पाव किलोला थोडे कमी भिजवलेले साबुदाणे. डाळ बोटांनी चेपण्याइतकी शिजल्यावरच गूळ घालावा. आधी पडला तर ती कितीही उकळा, दडदडीतच राहते. नारळाचा दाट रस सर्वांत शेवटी. तो घातल्यावर खळखळून उकळी आली तर फुटतो, म्हणून वाफ येताच टोप खाली उतरवायचा.