मांजर, शेवाळ आणि नियम क्रमांक सात

एका मांजराच्या फोटोपायी माझे तीन महिने गेले. अडलं कशावर, तर कॅमेऱ्याच्या मेनूत मीच कधीतरी बदलून ठेवलेल्या एका सेटिंगवर. आज हे हसत सांगतेय, पण राग पुरता गेलेला नाही, ते पुढे वाचताना कळेलच.

आम्हा हौशी फोटोवाल्यांचा एक गट आहे. महिन्यातून एकदा बैठक. प्रत्येकाने एक फोटो आधी पाठवायचा, सोबत एक पानी अर्ज. बैठकीत फोटो प्रोजेक्टरवर लागतो आणि पुढच्या खुर्च्यांवर बसलेले तीन जाणकार त्यावर पाच मिनिटं बोलतात. मुख्य नियम असा की फोटो ज्याचा, त्याने तोंड उघडायचं नाही. कुठे काढला, किती पहाटे उठलो, पायात काटा कसा गेला, काही सांगायचं नाही. हा नियम मला फार आवडला होता. कारण तोवर माझ्या फोटोंना मिळालेला अभिप्राय म्हणजे घरच्यांचं 'मस्त' आणि मैत्रिणींचं 'भारी गं!' काय भारी आहे असं विचारलं की समोरची गोंधळायची आणि मग पुन्हा 'म्हणजे, एकूणच भारी' म्हणायची.

नाव नोंदवणं, आधी एका बैठकीला नुसतं ऐकायला बसणं, हे सगळं सुरळीत झालं. त्यात सांगण्यासारखं काही नाही.

आता मांजर. पाऊस नुकताच थांबला होता. दगडी पायरी शेवाळाने गच्च भरलेली, तिच्यावर एक पांढरं-राखाडी मांजर आणि त्याने मान वळवून थेट माझ्याकडे बघितलेलं. फोकस नेमका डोळ्यावर बसला होता. डाव्या बाजूच्या एका मिशीच्या टोकाला पाण्याचा थेंब होता, तो मोठं करून बघितल्यावर दिसायचा. पण फोटोचा खरा जीव होता त्या हिरव्या रंगात. ओलं, दाट, हात लावावासा वाटणारं हिरवं. मी खूश होते.

त्यानंतरच्या बैठकीत, म्हणजे माझ्या फोटोच्या पहिल्या बैठकीत, तो पडद्यावर आला आणि मला चुकल्यासारखं वाटलं. माझं हिरवं ते हे नव्हतं. म्हटलं, प्रोजेक्टर जुना असेल. पहिले जाणकार म्हणाले, "फोकस उत्तम. नजर छान पकडलीय. पण रंग मेलेत हो. शेवाळ मातकट दिसतंय. सॅच्युरेशन वाढवायला हवं होतं." सॅच्युरेशन म्हणजे रंगांचा भडकपणा. दुसऱ्यांनी मान डोलावली. तिसऱ्या बाई म्हणाल्या, प्रकाशच सपाट असावा. मी वहीत लिहून घेतलं: रंग मेलेले, सॅच्युरेशन वाढव.

घरी येऊन फाइल उघडली तर शेवाळ हिरवंगार. पण तीन माणसं एकच गोष्ट सांगतायत म्हटल्यावर दोष आपल्याच डोळ्यांत असणार. थोडं सॅच्युरेशन वाढवलं. सुधारलेला फोटो पुन्हा पाठवायची मुभा होती, पाठवला. महिनाभर वाट पाहिली. दुसऱ्या बैठकीत ऐकलं, "फारसा फरक जाणवत नाही. जरा धीटपणे करा."

मग तो महिना मी त्या फोटोच्या मागे हात धुऊन लागले. मॉनिटर खोटं बोलतोय अशी शंका आली, म्हणून त्याची ब्राइटनेस निम्म्यावर आणली. रंग तपासायचं यंत्र विकत घ्यावं का, याची चौकशी केली. मूळ फोटोची छोटी प्रिंट काढून आणली, तर तीही फिकी! म्हणजे जाणकार बरोबर, प्रिंट बरोबर, मी एकटी चूक. रात्री दीड-दीड वाजेपर्यंत बसून हिरवा ओढत राहिले. शेवटी जे तयार झालं ते बहिणीला फोनवर दाखवलं. ती म्हणाली, "अगं, हे काय? पायरीला रेडियम लावलंस की काय?" तिला फोटोग्राफीतलं ओ की ठो कळत नाही, म्हणून मी तिचं मनावर घेतलं नाही. हे मी स्वतःला अजून माफ केलेलं नाही.

तिसरी बैठक. "आता रंग आलेत," पहिले जाणकार म्हणाले. मी श्वास सोडला. "पण कृत्रिम वाटतायत. शेवाळातले बारकावे गेले. अति झालं." म्हणजे कमी केलं तर मेलं, जास्त केलं तर खोटं. आणि मी? गप्प. कारण नियम. मला फक्त एवढंच विचारायचं होतं की तुम्हाला नक्की कोणता हिरवा दिसतोय, कारण माझ्या घरी असा दिसत नाही. पण ज्याचा फोटो त्याने बोलायचं नाही.

चौथ्या महिन्यात मी चिडून, फोटो न पाठवताच, वेळेच्या आधी जाऊन बसले. आमच्याकडे लॅपटॉप सांभाळणारे एक काका आहेत. वायरी जोडायच्या, फोटो क्रमाने लावायचे, पडदा सरळ करायचा, ही त्यांची कामं. बैठकीत कधी एक शब्द बोलत नाहीत. ते वायर खोचता खोचता म्हणाले, "तुझंच ना ते मांजर? फाइल ॲडोबी आरजीबीत आहे तुझी."

"तुम्हाला कसं कळलं?"

"नावावरून."

त्यांनी फोल्डर उघडून दाखवलं. बाकीच्यांच्या फायलींची नावं अक्षरापासून सुरू होत होती. माझ्या तिन्ही फायलींच्या नावाआधी एक बारकी खालची रेघ होती. अंडरस्कोर. कॅमेऱ्यात ॲडोबी आरजीबी निवडलं की बरेचसे कॅमेरे नावाच्या सुरुवातीला ती रेघ टाकतात. तीन महिने ती रेघ माझ्या डोळ्यांसमोर होती.

प्रकरण असं होतं. फोटोच्या फाइलमध्ये रंग नसतात, आकडे असतात. कोणता आकडा म्हणजे नेमका कोणता रंग, हे कलर प्रोफाइल ठरवतं. एसआरजीबी हे प्रोफाइल एचपी आणि मायक्रोसॉफ्ट यांनी १९९६ साली साध्या पडद्यांसाठी आणलं. ॲडोबी आरजीबी आलं १९९८ साली, छपाईच्या दृष्टीने, आणि त्यात रंगांचा आवाका मोठा आहे, विशेषतः हिरव्या आणि निळसर हिरव्या बाजूला. कुठेतरी वाचलं होतं की त्यात जास्त रंग मावतात, आणि जास्त म्हणजे चांगलं, असं म्हणून मी ते निवडून मोकळी झाले होते. माझं घरचं सॉफ्टवेअर प्रोफाइल वाचत होतं, म्हणून घरी सगळं हिरवंगार. बैठकीतला प्रोग्राम प्रोफाइलकडे ढुंकून बघत नव्हता, सरसकट एसआरजीबी धरून चालत होता. मी मापं इंचात लिहून दिली होती आणि तिकडे ती सेंटीमीटर म्हणून वाचली जात होती. सगळे रंग आखडणारच. प्रिंटच्या बाबतीतही बहुधा हेच झालं असणार.

"काका, तुम्हाला हे केव्हा कळलं?"

"पहिल्याच वेळी."

"मग बोलला का नाहीत?"

"मी काय बोलणार? बोलायचं ते पुढे बसलेल्यांनी. माझं काम फोटो लावायचं."

यावर काय म्हणावं? ज्याला ठाऊक होतं त्याला बोलायची सोय नव्हती, जिला विचारायचं होतं तिला विचारायची सोय नव्हती, आणि ज्यांना बोलायची पूर्ण मुभा होती त्यांना माझा मॉनिटर कधी दिसलाच नव्हता. कोणाचंच वाईट नव्हतं मनात. तीन महिने मात्र माझे गेले.

आता माझी लाज. अर्जाच्या मागच्या बाजूला सूचना आहेत. पहिली, फोटोवर नाव नसावे. दुसरी-तिसरी पिक्सेलच्या मर्यादेबद्दल. सातवी, 'फाइल एसआरजीबी प्रोफाइलमध्ये असावी'. तिन्ही वेळा मी तिच्यापुढे बरोबरची खूण केली होती. वाचून केली होती, समजून नव्हे. पण सूचना देणाऱ्यांनी शेजारी 'नाहीतर रंग फिके दिसतील' एवढे चार शब्द टाकले असते तर काय बिघडलं असतं? कारण न सांगता दिलेल्या सूचनेला माणूस खूणच करतो.

दुरुस्तीला दोन मिनिटं लागली, खरं म्हणजे तीन, कारण आधी मी 'असाइन प्रोफाइल' केलं आणि घरच्या पडद्यावरही शेवाळ मातकट झालं. करायचं असतं 'कन्व्हर्ट टू प्रोफाइल'. असाइनमध्ये आकडे तेच राहतात आणि नुसती पाटी बदलते, कन्व्हर्टमध्ये रंग तेच ठेवून आकडे बदलतात. रॉमध्ये, म्हणजे कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेल्या कच्च्या फाइलमध्ये, काढणाऱ्यांना कॅमेऱ्यातल्या या सेटिंगचा त्रास नाही, त्यांनी एक्सपोर्ट करताना तेवढं पाहावं. मी तेव्हा नुसतं जेपेग काढत होते. आणि एक, फोटो कुठेही पाठवायच्या आधी तो दुसऱ्या एखाद्या यंत्रावर उघडून बघाच. हे मला आधी सुचलं असतं तर हा लेखच झाला नसता.

पुढच्या बैठकीला मूळ फोटो, सॅच्युरेशनला हात न लावता, नुसता कन्व्हर्ट करून दिला. पडद्यावर आला आणि शेवाळ उजळलं. माझं हिरवं, तेच. पुढच्या खुर्च्यांवर क्षणभर शांतता. मग पहिले जाणकार म्हणाले, "वा. आता जमलं." मी मागे वळून काकांकडे पाहिलं, ते वायर गुंडाळत होते.

तेवढ्यात तिसऱ्या बाई म्हणाल्या, "पण शेपूट कुठे गेली?"

गेली होती. टोक चौकटीच्या बाहेर, बोटभर कापलेलं. मूळ फाइलमध्येही नाही, कारण मी डोळ्यांकडे बघत बसले होते आणि कडांकडे बघितलंच नव्हतं. इतके महिने कोणाच्या ध्यानात आलं नाही, माझ्याही नाही. सगळे रंगावर अडकले होते. रंगाचा अडसर गेला तेव्हा कुठे फोटोवर बोलणं सुरू झालं. आता त्या शेपटीला इलाज नाही, मांजर केव्हाच निघून गेलं.

तेव्हापासून वहीत पानाच्या मधोमध रेघ मारते. डावीकडे समोरच्याला काय दिसलं ते, उजवीकडे त्याने काय करायला सांगितलं ते. 'रंग मेलेत' हे डावीकडचं, आणि ते शंभर टक्के खरं होतं. 'सॅच्युरेशन वाढव' हे उजवीकडचं. दुखणं बरोबर ओळखलं होतं, औषध चुकलं होतं. डावीकडचं मी आता वाद न घालता मान्य करते. उजवीकडचं घरी जाऊन तपासते.

तरी सगळंच उजवीकडचं उडवून लावू नये. एकदा मला एका फोटोची डावी बाजू कापायला सांगितली तेव्हा मी मनात फणकारले होते, थोर फ्रेंच फोटोग्राफर कार्तिए-ब्रेसाँ कधी क्रॉप करायचे का म्हणून. नंतर कळलं की डबक्यावरून उडी मारणाऱ्या माणसाचा त्यांचा १९३२चा पॅरिसमधला प्रसिद्ध फोटो क्रॉप केलेलाच आहे. फळ्यांच्या फटीतून काढल्यामुळे डावीकडे फळी आली होती. मी मुकाट्याने डावी बाजू कापली. फोटो सुधारला.

वर्षभराने मला पुढच्या खुर्चीवर बसवलं. खुर्ची बदलली की माणूस किती पटकन बदलतो! मेणबत्तीच्या उजेडात वाचणाऱ्या एका म्हाताऱ्या बाईंचा फोटो लागला. दाणेदार, नॉइज भरपूर. मी लगेच, "आयएसओ फार चढवलाय. ८००च्या वर जायला नको होतं." आयएसओ म्हणजे कॅमेऱ्याची प्रकाशाबद्दलची संवेदनशीलता, ती वाढवली की दाणे वाढतात. पुढचा फोटो. बैठक संपल्यावर एक मुलगी आली, अगदी नम्रपणे म्हणाली, "ताई, ६४०० ठेवूनही शटर १/६० सेकंद मिळत होतं. लेन्स पूर्ण उघडी होती. ८०० ठेवला असता तर १/८ झालं असतं. ट्रायपॉड नव्हता." तीन स्टॉप, म्हणजे आयएसओ तीनदा निम्मा केला की शटरचा वेळ तीनदा दुप्पट, सरळ हिशेब. १/८ वर हातात धरलेला कॅमेरा हलला असता, पान उलटणारा हात तर पुसलाच गेला असता. मी तिलाही सॅच्युरेशन वाढवायला सांगितलं होतं, फक्त शब्द वेगळे.

आता मी फोटो लागल्यावर आधी एवढंच सांगते की माझी नजर पहिल्यांदा कुठे गेली, मग कुठे गेली आणि कुठे अडकली. त्या मुलीच्या फोटोत खरं तर माझी नजर आधी चष्म्याच्या काचेतल्या ज्योतीवर गेली होती, हे मी तिला सांगितलंच नव्हतं. नंतर सांगितलं. तिला ती ज्योत टिपायचीच होती म्हणे.

अभिप्राय मागणाऱ्यांसाठी, आठवतंय तसं: दहा फोटो एकदम दाखवू नका, लोक दमतात आणि 'छान' म्हणून सुटतात. काढलेला फोटो लगेच दाखवू नका, आठवडा जाऊ द्या, तुमचं तुम्हालाच निम्मं दिसेल. 'कसा वाटला?' विचारू नका. 'डावीकडचा खांब खुपतो का?' असं विचारा. आणि ज्यांना फोटोग्राफीतलं ओ की ठो कळत नाही, ते 'रेडियम' म्हणाले तर ऐका.

काकांचं मी लावून धरलं. आता बैठकीच्या सुरुवातीची दोन मिनिटं त्यांची असतात. कोणाची फाइल कुठे अडतेय ते तेवढं सांगतात आणि पुन्हा गप्प. सूचना क्रमांक सात पहिल्या क्रमांकावर आणा असंही लेखी दिलं होतं. ती अजून सातवीच आहे, अक्षरं मात्र ठळक झालीत.