तरण्या-म्हाताऱ्या पावसातली सातेरीची पेटी : माझा अनुभव

बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यात, जांबोटीकडे, मृग लागला की सातेरी, म्हणजे पेटीत पाळतात त्या देशी मधमाश्यांचं बाहेर जाणं कमी होतं आणि तरण्या-म्हाताऱ्या (पुनर्वसू-पुष्य नक्षत्रांच्या) पावसात जवळजवळ थांबतंच. पाक देणं सोपं आहे. पेटीमागे आठवड्याला २०० ग्रॅम साखर, तेवढंच पाणी, संध्याकाळी, पेटीच्या आत आणि सगळ्या पेट्यांना एकाच वेळी. थेंबभर बाहेर सांडला तरी माश्या एकमेकींच्या पेट्या लुटू लागतात.

खरा जीव काढला तो उघडीप न मिळाल्यानं. पिल्लांना ३४-३५ अंशांची ऊब लागते, झडीत पोळ्याची चौकट वर काढली की ती गारठतात. यंदा सलग १२ दिवस पेटी उघडता आली नाही आणि मेणकिड्यानं (पोळी पोखरणाऱ्या पतंगाच्या अळीनं) नेमके तेच दिवस गाठले.

अशा वेळी पेटी खालून वाचायची. फाइलच्या कव्हराचं पांढरं प्लॅस्टिक कापून दारातून तळपाटावर, म्हणजे पेटीच्या तळाच्या फळीवर, सरकवायचं आणि दुसऱ्या दिवशी ओढायचं. माश्या बसलेल्या पोळ्यांखाली कचरा पट्ट्यापट्ट्यांनी पडतो. फिकट तपकिरी चुरा म्हणजे कोठड्यांची टोपणं फोडून नव्या माश्या निघताहेत. पांढरट चुरा म्हणजे साठवलेला मध खाणं चाललंय. खसखशीएवढे काळे दाणे आणि त्यांना चिकटलेले रेशमी तंतू दिसले की मेणकिडा आलाच. पाचव्या दिवशी माझ्या प्लॅस्टिकवर चुऱ्याच्या पट्ट्या कमी झाल्या होत्या आणि काळे दाणे सगळे एकाच कडेला होते. माश्या आवळून बसल्या होत्या, कडेची पोळी उघडी पडली होती. अळी तिथंच शिरते, कारण तिला हाकलायला तिथं कुणी नसतं.

तेराव्या दिवशी दुपारी दोन तास ऊन पडलं. कडेच्या दोन पोळ्यांत अळ्यांनी बोगदे विणले होते. ती काढली, उरलेल्या तीन चौकटींना आडफळी (रिकामी जागा तोडणारी उभी फळी) लावली आणि तळपाट खरवडून उन्हात ठेवलं. हे आधी, जूनच्या सुरुवातीलाच करायला हवं होतं: माश्या झाकू शकतील तेवढीच पोळी आत ठेवायची.

परागाच्या गोळ्या आत येणं थांबलं तर वसाहत पळून जायच्या बेतात असू शकते. दाराला राणीबंद जाळी लावून राणी अडते, पण पळण्याचं कारण आतच राहतं.

पाऊस ओसरला की वेडा राघू तारेवर येतो. धरलेली माशी तारेवर आपटून, घासून नांगी काढतो, मग गिळतो. चांगल्या भरलेल्या वसाहतीला त्यानं फरक पडत नाही. गांधीलमाशी दाराशी घिरट्या घालते तेव्हा सातेरी एकदम अंग थरथरवतात, आणि ती हाती लागली तर गराडा घालून ४६ अंशांच्या आसपासच्या उष्णतेनं मारतात. रात्री पाठीवर कवटीची खूण असलेला मोठा पतंग मधासाठी आत शिरतो, म्हणून दार अरुंद ठेवा.

मुंग्यांचं राहिलंच. स्टँडच्या पायांखालच्या वाट्यांत पाणी असूनही मुंग्या चढत होत्या. गवताची एक पात वाढून पेटीला टेकली होती.